सेवा कशी करावी? कोकणातल्या ख्रिस्ती मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना चुकत नाही, घरी रोज प्रार्थना होते. मग सेवेचे वेगळे काय?

वेगळे काही नाही, तेच तर सांगायचे आहे. मत्तयच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी काय विचारले जाईल ते प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे: भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याकडे गेलात का. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा, पोटभर खा’ म्हणणाऱ्याचा विश्वास निर्जीव ठरवला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ हाही आवर्जून वाचावा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती झटकून टाकली नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितले आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. वाटपाची यादी नीट ठेवणे हेसुद्धा पहिल्या मंडळीपासून विश्वासाचेच काम आहे.

सुरुवात कुठून करावी?

आपल्याच वाडीपासून. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि प्रत्येक घर डोळ्यांसमोर आणा: कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाची कमाई बंद पडली आहे, कोणाचे मूल शाळेत जात नाही. घर ख्रिस्ती आहे की नाही हे त्या वहीत लिहू नका. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात जखमी माणसाचा धर्म विचारलेला नाही.

मग त्यातले एकच घर निवडा आणि एक वार ठरवा. दहा घरांना एकेकदा जाण्यापेक्षा एका घरी दर गुरुवारी जाणे जास्त उपयोगाचे. आजारी आणि एकटा माणूस वाराकडे डोळे लावून बसतो. तुम्ही दोन आठवडे गेलात आणि तिसऱ्याला गेला नाहीत, तर आधीपेक्षा जास्त दुखावतो.

जाताना जोडीने जा. प्रभूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवले होते. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतही घरभेटी जोडीनेच होतात. एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याला चूल पेटलेली नाही हे दिसते. शिवाय एकटीच बाई किंवा लहान मुले असलेल्या घरी जोडीने गेल्याने कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे गावी, अशा घरी जाऊन नेमके काय करायचे?

आधी बसा. पहिल्या भेटीत मदतीचा विषय काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ‘तुमचे कोणते काम अडले आहे?’ असे सरळ विचारा. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हटले की कोकणातला माणूस ‘नाही हो, सगळे ठीक आहे’ असेच म्हणतो. अडलेली कामे बहुतेक लहान असतात: गॅस सिलिंडर पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) वर आणणे, बल्ब बदलणे, चष्म्याचा नंबर तपासून आणणे, पावसाआधी कौले परतणे, मोबाइलमध्ये मुलाचा नंबर फोटोसकट टाकून देणे.

भेटीत तीन गोष्टींवर नजर असू द्या. औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या तारखेप्रमाणे कमी होताहेत का? रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून एकाआड एक दिवस घेणारे खूप असतात, आणि ते कोणी आपणहून सांगत नाही. मोरीकडे जाणारी वाट निसरडी आहे का? जांभ्याच्या चिऱ्यावर पावसात शेवाळ धरते आणि खुब्याचे हाड तिथेच मोडते. ब्लीचिंग पावडर टाकून, ताठ ब्रशने घासून, बाजूला धरायला बांबूचा कठडा बांधला की पुष्कळ अपघात टळतात. तिसरी गोष्ट भांड्यातले अन्न. सकाळची पेज रात्रीपर्यंत तशीच असेल, तर भूक का मेली याचा डॉक्टरांकडून शोध घ्यायला हवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा आम्हाला जमेल का?

जमते, पण शिकून घ्यावी लागते. नुसत्या प्रेमापोटी चुकीच्या रीतीने केलेल्या सेवेने जखमा होतात.

सर्वांत मोठा धोका पाठीला पडणाऱ्या जखमांचा. एकाच जागी दाब राहिला की तिथले रक्त थांबते आणि कातडी आतून मरते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. कागदावर वेळा लिहून भिंतीला लावा, म्हणजे घरातली एकटी सून रात्रंदिवस हिशेब करत बसणार नाही. वळवताना ओढू नका. पलीकडचा गुडघा वाकवून घ्या, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर ठेवा आणि स्वतःकडे लोळवा. वर सरकवायचे असेल तर कमरेखाली जुन्या नऊवारीची चौपदरी आडवी चादर घालून ठेवा आणि दोघांनी दोन टोके धरून उचला. घासत नेले की कातडी सोलते.

टाचा, माकडहाड, खुबे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडा. लाली क्षणभर जाऊन परत आली तर कूस बदलत राहा. दाबूनही लाली गेलीच नाही, तर ती जखमेची पहिली खूण आहे आणि त्या जागेवर भार येऊच द्यायचा नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे स्पर्शाला जागा गरम किंवा टणक लागते. अशा जागी मालीश करू नका, खोबरेल तेलानेही नाही. चोळण्याने आतला भाग आणखी दुखावतो. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही वापरू नका. तिने भोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी ठेवली की पुरे, टाच हवेत राहिली पाहिजे.

कोकणातला पावसाळा हा या कामातला वेगळा शत्रू. चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत आणि ओलसर चादर कातडीला मऊ करून फोडते. अशा घराला सुक्या सुती चादरी पुरवणे ही एका कुटुंबाने सहज उचलण्याजोगी जबाबदारी आहे. जून ते सप्टेंबर, आठवड्यातून दोनदा ओल्या चादरी न्यायच्या आणि सुकलेल्या, इस्त्री केलेल्या आणून द्यायच्या. रबरी शीट घातलीच तर तिच्यावर जाड सुती कापड हवे, नाहीतर घामाने अंग चिकटून राहते.

भरवताना माणूस बसता हवा, निदान पाठीला उशा लावून अर्धा उठवलेला. हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. लकवा झालेल्याला पातळ पेजेचा ठसका लागतो, कारण पातळ पदार्थ घशातून पटकन घसरून श्वासनलिकेत जातो. अशा वेळी पेज आटवून किंवा भात घोटून दाट करा. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नका. दर जेवणाला खोकला येत असेल किंवा जेवल्यानंतर आवाज ओला, घोगरा होत असेल, तर भरवणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि जी सून किंवा मुलगी हे सगळे एकटी करते, तिला आठवड्यातून तीन तास मोकळे करा. तुम्ही रुग्णापाशी बसा, ती बाजारात जाऊ दे, मिस्सेला जाऊ दे, नुसती झोपू दे. अनेक घरांत रुग्णापेक्षा तिच्याकडेच आधी बघायची गरज असते.

पूर किंवा वादळ आल्यावर आपण लगेच धावतो. तरी मदत वाया का जाते?

कारण पहिल्या दिवशी जे सुचते तेच सगळे पाठवतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. वादळ आणि पूर यांच्या गरजा वेगळ्या असतात. वादळानंतर लागते ताडपत्री, सुतळी, कौले, पत्र्याचे खिळे, चेनसॉ चालवणारा माणूस. पुरानंतर लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, हातमोजे, पिण्याचे पाणी. जुने कपडे दोन्हीकडे नको असतात. ते ओल्यात पडून कुजतात आणि गावाला तो ढीग उचलायचे काम लागते.

पुरात पहिले दोन-तीन दिवस शिजवलेले अन्न द्या. चूल चिखलात आणि गॅसची शेगडी भिजलेली असताना कोरडा शिधा निरुपयोगी.

घर साफ करायला शिरण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. बोर्डापर्यंत पाणी चढले असेल तर हात लावू नका, महावितरणच्या वायरमनला बोलवा. त्यानंतरची गोष्ट उत्साही तरुण हमखास विसरतात: पंचनामा. तलाठी येण्याआधी सगळा गाळ आणि मोडके सामान बाहेर फेकून घर चकाचक केले, तर नुकसान दाखवायला काही उरत नाही आणि त्या कुटुंबाच्या भरपाईवर पाणी पडते. म्हणून आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, फ्रिज-कपाट-धान्याचे फोटो तारखेसह काढा, घरमालकाच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि त्याच्या संमतीनेच कामाला लागा. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की दगड होतो.

पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पुराच्या पाण्यातून आणि भातखाचरातून अंगात शिरतो. काम केल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि चिखलात काम केल्याचे सांगा. प्रतिबंधाची गोळी घ्यायची की नाही हे आरोग्य केंद्राला विचारून ठरवा.

पडलेल्या माड-पोफळीत ताणलेले खोड असेल तर ते कापायला जाऊ नका. कापताच ते उसळते. कौलांवर चढायचे तर पाय वाशावर पडला पाहिजे. भिजलेली रीप वजन धरत नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकावी?

रोजच्या शुद्धीकरणाचा हिशेब असा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा आणि त्याचा वर्ग करा. त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. आले तितके घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल, तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम.

पावडर तशीच विहिरीत भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटे ठेवा. चुना तळाला बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. निदान एक तास पाणी भरायचे नाही, म्हणून हे काम रात्री करावे. ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासण्याची चाचणी) पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन पुरेसा उरला आहे.

चुकते ते पावडरीतच. कोकणच्या दमट हवेत उघडी गोणी लवकर निकामी होते आणि लोक मात्र तीच मापाने टाकत राहतात. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सावलीत ठेवा. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तर ठेवूच नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला हा रोजचा डोस पुरत नाही. आधी उपसा, गाळ काढा आणि आरोग्यसेवकाच्या सांगण्याप्रमाणे जास्त मात्रा घाला.

शिध्याच्या पिशवीत काय आणि किती?

चौघांच्या कुटुंबाला एका आठवड्यासाठी तांदूळ ६ किलो, डाळ दीड किलो, तेल १ लिटर, साखर आणि मीठ एकेक किलो, चहा पावडर २५० ग्रॅम, कांदे-बटाटे दोन-दोन किलो, हळद-तिखट, दोन साबण, काडेपेटी. तांदूळ उकडा की सुरय (न उकडलेला), ते आधी विचारा. सिंधुदुर्गात पेजेला उकडाच लागतो. एवढे वजन चौदा-पंधरा किलोंवर जाते, तेव्हा दोन पिशव्या करा. तान्हे मूल असलेल्या घराला आणि मधुमेही असलेल्या घराला वेगळी पिशवी हवी. नाताळला केक-करंज्या देणारे पुष्कळ असतात, जुलैत तांदूळ देणारे कमी. तुम्ही जुलै सांभाळा.

जुलैच का?

पावसाळ्यात, जून-जुलैत, समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडीवर मजुरी करणाऱ्याच्या, मासे विकणाऱ्या बाईच्या घरात त्या दोन महिन्यांत पैसा येत नाही. त्यातच शाळा सुरू होतात, वह्या-दप्तर-छत्रीचा खर्च येतो आणि माणूस सावकाराकडे जातो. मे महिन्यातच शाळेचा खर्च उचलला तर ते कर्ज टळते. हे देताना गाजावाजा नको. मत्तय ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. शाळेची फी थेट शाळेत भरली की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

इथेच बाहेरून आलेल्यांचेही बघू. देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागांत नेपाळी रखवालदार महिनोन्‌महिने बागेतच मुक्काम करतात, होड्यांवर परप्रांतीय खलाशी असतात. आजारी पडले तर भाषा येत नाही, कागद नसतात. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणे आणि डॉक्टरांचे बोलणे समजावून सांगणे याला एक पैसा लागत नाही. भारतातल्या दुसऱ्या राज्याचे रेशनकार्ड असेल तर इथल्या दुकानातही धान्य मिळू शकते, ते चौकशी करून मिळवून द्या.

रोख पैसे द्यावेत का?

ओळख असेल, गरज नेमकी ठाऊक असेल तर जरूर द्यावेत. गरिबाला पैसे वापरता येत नाहीत असे समजणे चूक आहे. फक्त उसने म्हणून देऊ नका. परत देता आले नाहीत की तो तुमची वाट टाळू लागतो, आणि पैशांबरोबर माणूसही जातो.

सरकारी योजनेचा अर्ज भरून देणे ही सेवा धरायची का?

धरायचीच. एक पिशवी आठवडाभर पुरते, निवृत्तीवेतन दर महिन्याला येते. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, त्याखालच्या वयाच्या निराधार, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी माणसांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा, वयाचा आणि रहिवासी दाखला, बँक पासबुक, फोटो लागतात.

अर्ज अडतो तो तीन ठिकाणी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि रेशनकार्डवरचे नाव जुळत नाही. आधीच्या कागदांवर आडनाव ‘फर्नांडिस’, ‘फर्नांडीस’, ‘फर्नांडेझ’ असे तीन प्रकारे लिहिलेले असते, ते आधी एकसारखे करून घ्या. दुसरे, बँक खाते आधारला जोडलेले नसते. तिसरे, सुरू झालेले अनुदान हयातीचा दाखला वेळेवर न दिल्याने बंद पडते. ती तारीख तुमच्या वहीत हवी. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मयताच्या घरी काय करावे?

डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी, तो नसेल तर पुढे नोंद अडते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. मुंबईहून मुलगा येईपर्यंत थांबायचे असेल तर शीतपेटीची सोय बघा. कबर खणणाऱ्यांना वेळेत सांगा. जांभ्याच्या कातळात पहार-टिकावाने खणायला अर्धा दिवस सहज जातो, आणि किनाऱ्याच्या वाळूत कडा ढासळतात, तिथे फळ्या लावाव्या लागतात. पावसाळ्यात खड्ड्यावर ताडपत्री आणि उपसायला बादली. हे सगळे दोघांनी अंगावर घेतले की घरच्यांना रडायला उसंत मिळते. दफनानंतर पंधरा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, पुन्हा जा. तेव्हा कोणी येत नसते.

सेवा करताना येशूविषयी बोलावे का? लोक धर्मांतराचा संशय घेतात.

मदतीला कोणतीही अट नको, उघड नको आणि आडवळणाचीही नको. पिशवीत पत्रक घालू नका. भरवण्याआधी प्रार्थनेला हात जोडायला लावू नका. गरजेत असलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या ‘हो’ला अर्थ नसतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच लिहिले: प्रेम विनामूल्य असते, ते दुसरे काही साधण्याचे साधन नाही. कोणी आपणहून ‘तुम्ही हे का करता?’ असे विचारले तर खरे उत्तर द्या, दोन वाक्यांत. आजारी माणसाने प्रार्थना मागितली तर करा. हिंदू किंवा मुसलमान घरात त्यांच्या देवाधर्माचा मान ठेवा, देवघराजवळ चपला नेऊ नका, सणाला शुभेच्छा द्या.

फोटो काढावेत का?

घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे नकोत. देणगीदाराला पावती आणि हिशेब दाखवा.

हिशेब कसा ठेवावा?

जमा-खर्चाची एक वही, क्रमांक असलेले पावतीपुस्तक, बँक खात्यावर दोघांच्या सह्या, आणि तीन महिन्यांनी मंडळीपुढे वाचन. नावे न वाचता रकमा वाचा. नातेवाइकाला मदत द्यायची असेल तर निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा. पैसे खाल्ल्यामुळे जितकी सेवाकार्ये बंद पडतात, त्यापेक्षा जास्त हिशेब न ठेवल्यामुळे उठलेल्या संशयाने बंद पडतात.

मुलांची शिकवणी घ्यायची आहे. काही पथ्ये?

दार उघडे, दोन मोठी माणसे हजर, कोणत्याही मुलाला एकट्याने घरी बोलवायचे नाही, पालकांना वेळ माहीत हवी. हे फादर, पाळक आणि सिस्टर यांनाही तितकेच लागू. मुलाने काही गैर सांगितले तर ते मंडळीत दाबायचे नाही. चाइल्डलाइन १०९८ वर किंवा पोलिसांना कळवायचे.

आम्ही मुंबईत असतो, गणपतीला आणि नाताळला गावी येतो. आमच्याने काय होईल?

पैसे पाठवण्यापलीकडे पुष्कळ. गावातल्या एका वृद्धाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करा. दोनदा उचलला नाही तर शेजाऱ्याला सांगून बघायला लावा. मोठ्या रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गाववाल्याला रेल्वे स्टेशनवर उतरवून घ्या, केसपेपर काढा, रात्रीची सोय करा. गावी याल तेव्हा पहिल्या दिवशी नातेवाईक, दुसऱ्या दिवशी त्या वहीतले एक घर. येताना मिठाईच्या डब्याऐवजी काय आणावे ते आधी फोन करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल किंवा मऊ तळाच्या चपला, सात नंबरच्या.